न आलेल्या रुग्णांचा हिशेब

1987 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लेख आला. वेल्समधल्या एका खाणगावाच्या डॉक्टरने एका सहकाऱ्याला बरोबर घेऊन आपल्या दवाखान्याच्या यादीतल्या माणसांचे ओळीने झालेले 500 मृत्यू तपासले होते. प्रत्येक मृत्यूबद्दल प्रश्न एकच होता: हा टळण्याजोगा होता का, आणि असेल तर टळला का नाही? उत्तरांत सिगारेट होती, दारू होती, इस्पितळात राहून गेलेल्या गोष्टी होत्या, आणि खुद्द लेखकाच्या दवाखान्यात राहून गेलेल्या गोष्टीही होत्या. आपल्या हातून काय सुटले ते कुणी मागितलेले नसताना, कोर्टाची नोटीस आलेली नसताना, नावानिशी छापणारा डॉक्टर कोणत्याही देशात विरळाच. हे डॉक्टर म्हणजे ज्युलियन ट्यूडर हार्ट (1927–2018). गाव ग्लिनकोरुग, वस्ती जेमतेम दोन हजारांची. 1961 पासून पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी तिथे साधी जनरल प्रॅक्टिस केली. वैद्यकीय नीतीवरच्या चर्चेत त्यांचे नाव फारसे निघत नाही. ते निघते आरोग्यातल्या विषमतेच्या संदर्भात. मला मात्र वाटते की फॅमिली डॉक्टरच्या नीतीची गेल्या शतकातली सर्वांत कठोर कसोटी त्यांनीच लावली. समोर बसलेल्या रुग्णाशी डॉक्टर कसा वागतो यावर ती नीती पुरती ठरत नाही. दवाखान्याची पायरी न चढलेल्यांचा हिशेब तो ठेवतो का, यावर ती ठरते. हे म्हणणे सहज पटण्यासारखे नाही, आणि त्यावरचे आक्षेपही हलके नाहीत.

वैद्याच्या आचारसंहितांचा इतिहास पाहिला तर त्या सगळ्या दार उघडल्यावर सुरू होतात असे दिसते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेला उपदेश रुग्णाच्या घरात शिरल्यावर कसे वागावे, घरातले बाहेर बोलू नये, मन रुग्णावरच ठेवावे हे सांगतो. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेली शपथही ज्या घरात मी जाईन त्या घराचीच भाषा बोलते. आधुनिक काळात मँचेस्टरच्या टॉमस पर्सिव्हलने 1803 साली वैद्यकीय नीतीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा उगम तिथल्या इस्पितळात साथीच्या दिवसांत डॉक्टरांमध्ये झालेल्या भांडणात होता, आणि पुस्तकातला मोठा भाग ज्येष्ठता, सल्लामसलत आणि फी यांचे संकेत ठरवण्यात गेला आहे. ब्रिटनमध्ये 1858 च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल आली, तिने डॉक्टरांची नोंदवही ठेवली आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव खोडण्याचा अधिकार घेतला. गैरवर्तन म्हणजे काय? जाहिरात करणे, रुग्णाशी व्यभिचार, दारू पिऊन काम करणे, अपात्र माणसाला आपल्या नावाखाली प्रॅक्टिस करू देणे. 1912 च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने हाच साचा आपल्याकडे आणला. या नियमांची किंमत मी कमी लेखत नाही. पण त्यांची रचना अशी आहे की कोणीही न फसवता, कोणाशीही उद्धट न बोलता, फी माफक घेऊन एखादा डॉक्टर आयुष्यभर सचोटीने वागू शकतो, आणि त्याच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर एखादा चाळिशीतला माणूस न तपासलेल्या रक्तदाबाने मरू शकतो. त्या मृत्यूचा आणि त्या डॉक्टरच्या नीतीचा काही संबंध आहे, असे यांतली एकही संहिता म्हणत नाही.

असा संबंध आहे असे म्हणण्याची सोय दक्षिण वेल्समध्ये आधीपासून होती, आणि ती डॉक्टरांनी नव्हे तर खाणमजुरांनी केलेली होती. ट्रेडेगर या गावात 1890 मध्ये कामगारांनी वैद्यकीय मदत संस्था काढली. पगारातून पौंडामागे काही पेन्स कापून घ्यायचे आणि त्या पैशातून डॉक्टर नेमायचे, अशी ती व्यवस्था. पुढे जवळजवळ सगळे गाव तिच्यात आले. डॉक्टर नोकर आणि रुग्ण मालक, ही कल्पना बऱ्याच डॉक्टरांना झोंबली. 1920 च्या दशकात तिथे काम केलेल्या ए. जे. क्रोनिनने ‘द सिटाडेल’ ही 1937 ची कादंबरी लिहिताना हाच खाणमुलूख डोळ्यांसमोर ठेवला, आणि ट्रेडेगरचाच खाणमजूर अन्युरिन बेव्हन 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करणारा मंत्री झाला. या सेवेतली एक तरतूद आपल्याकडच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये प्रत्येक नागरिकाचे नाव कोणत्या ना कोणत्या फॅमिली डॉक्टरच्या यादीत असते, आणि डॉक्टरला मुख्यतः त्या यादीतल्या डोक्यांमागे पैसे मिळतात, माणूस येवो न येवो. म्हणजे न आलेल्या माणसाचेही नाव, वय आणि पत्ता डॉक्टरच्या कपाटात असतो. गंमत अशी की ही सोन्यासारखी यादी वर्षानुवर्षे बहुतेक डॉक्टरांनी फक्त पगारपत्रक म्हणून वापरली. जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने ब्रिटिश दवाखान्यांची पाहणी करून 1950 साली ‘लॅन्सेट’मध्ये जे छापले ते वाचवत नाही: अंधाऱ्या, गर्दीच्या खोल्या, तपासणीला जागा नाही, दोन-चार मिनिटांत बाटली हातात देऊन रवानगी. चर्चिलचे डॉक्टर लॉर्ड मोरान यांनी तर 1958 मध्ये एका रॉयल कमिशनसमोर सुचवले की विशेषज्ञ होण्याच्या शिडीवरून जे घसरतात ते जनरल प्रॅक्टिसमध्ये येतात. अशा धंद्यात कुणी नीतिशास्त्राचा नवा अध्याय लिहील अशी अपेक्षा कोण करणार?

तरी त्याच धंद्यात मोजणाऱ्यांची एक बारीक परंपरा होती. बर्नलीच्या जेम्स मॅकेन्झींनी प्रॅक्टिस करता करता नाडीच्या नोंदी घेऊन हृदयविकाराच्या शास्त्राला वळण दिले. यॉर्कशरच्या एका दरीत विल्यम पिकल्स यांनी कावीळ आणि गोवर कोणत्या घरातून कोणत्या घरात कधी गेला याचे तक्ते ठेवले आणि 1939 साली खेड्यातल्या साथींवर पुस्तक लिहिले. पुढे जनरल प्रॅक्टिशनरांच्या कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. ट्यूडर हार्ट या परंपरेतले, पण त्यांच्यात एक धार जास्त होती. वडील डॉक्टर, स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने काम केलेले; मुलगा कम्युनिस्ट, निवडणुका लढवून हरलेला. लंडनमध्ये प्रॅक्टिस करून आणि कार्डिफमध्ये आर्ची कॉक्रन यांच्या साथरोगशास्त्राच्या गटात काम करून ते ग्लिनकोरुगला आले. 1968 पासून त्यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचे ठरवले. पद्धत इतकी साधी की तिच्यात शोध काय असा प्रश्न पडावा. शिबिर भरवायचे नाही. जो माणूस खोकल्यासाठी, पाठदुखीसाठी किंवा कामावरच्या रजेच्या चिठ्ठीसाठी येईल त्याचा रक्तदाब त्याच वेळी मोजून केसपेपरवर ठळक लिहायचा. दोन-चार वर्षांत गावातली बहुतेक माणसे कशा ना कशासाठी येऊन जातातच. उरलेल्यांची यादी काढायची, पत्र लिहायचे, मग घरी जायचे. 1970 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. आपल्या यादीतल्या सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजणारे जगातले पहिले डॉक्टर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पहिले असोत वा नसोत, सगळे कौशल्य त्या उरलेल्यांच्या यादीत होते. त्यांच्या पत्नी मेरी संशोधनाच्या कामात शेवटपर्यंत बरोबर होत्या, आणि या गावकीतल्या नोंदींच्या बळावर तो दवाखाना देशाच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा मान्यताप्राप्त संशोधन-दवाखाना झाला.

27 फेब्रुवारी 1971 च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा सर्वांत गाजलेला लेख आला. त्याचा आशय असा, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथे ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती तितका हा नियम कडक चालतो. हा नियम आज जगभर शिकवला जातो, पण त्याच्यामागे ग्लिनकोरुगच्या केसपेपरांचा अनुभव होता हे विसरले जाते. ट्यूडर हार्ट तिथे गेले तेव्हा खोऱ्यातल्या डॉक्टरांकडे मोठ्या याद्या होत्या, जुनी दालने होती, इस्पितळे लांब होती आणि माणसे मात्र धुळीने भरलेल्या फुप्फुसांची होती. 1970 च्या सुमारास गावची खाणही बंद पडली. शहराच्या सुखवस्तू उपनगरात डॉक्टरला जागा मिळणे कठीण आणि खोऱ्यात जागेला डॉक्टर मिळणे कठीण. या जागा अखेर कोणी भरल्या? भारत, पाकिस्तान आणि पुढे बांगलादेशातून गेलेल्या डॉक्टरांनी. 1980 च्या दशकापर्यंत ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांपैकी सुमारे 16 टक्के दक्षिण आशियात जन्मलेले होते, आणि ते वेल्सची खोरी, लँकशरची गिरणीगावे, लंडनचा पूर्व भाग अशा ठिकाणी एकवटले होते. मुंबईच्या जी. एस. किंवा ग्रँट मेडिकलमधून गेलेल्यांना लंडनच्या मोठ्या इस्पितळांत सल्लागाराची जागा मिळणे अवघड होते, ही त्याची दुसरी बाजू. म्हणजे ब्रिटनने आपल्या खोऱ्यांतला हा उलटा नियम सैल केला तो आपल्याकडचे डॉक्टर नेऊन, जिथे डॉक्टरांची टंचाई त्याहून कितीतरी मोठी होती. ट्यूडर हार्टचा नियम जगाच्या नकाशावरही खरा ठरला.

आता आक्षेप. पहिला शास्त्रीय आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा ट्यूडर हार्ट आणि सहकाऱ्यांनी 1991 साली प्रसिद्ध केला. ज्यांचा रक्तदाब उपचारांपूर्वी सरासरी 186/110 होता त्यांचा तो 146/84 वर आला होता, सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण घटले होते, आणि अकाली मृत्यूंचे प्रमाण असा कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या गावापेक्षा सुमारे 28 टक्के कमी होते. पण एका गावाची दुसऱ्या एका गावाशी तुलना म्हणजे काही नियंत्रित चाचणी नव्हे. दोन खेड्यांत मृत्यूंची संख्याच थोडी, आणि दुसरी शंभर कारणे असू शकतात. शिवाय गावाला लाभलेला एक विलक्षण तळमळीचा डॉक्टर हे स्वतःच एक कारण आहे. त्याची नक्कल कशी करणार? हे सगळे खरे. मात्र रक्तदाब उतरवल्याने माणसे वाचतात याचा पुरावा ग्लिनकोरुगवर अवलंबून नव्हता. तो अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत 1967 आणि 1970 मध्ये झालेल्या चाचण्यांनी दिला होता. ग्लिनकोरुगने दाखवायचे होते ते वेगळेच: चाचणीत सिद्ध झालेले औषध गावातल्या शेवटच्या घरापर्यंत एक साधा फॅमिली डॉक्टर पोचवू शकतो का. ते त्याने दाखवले. आणि आकडे मनासारखे न आले तरी ते छापायची त्यांची तयारी होती. मीठ कमी केल्याने सौम्य रक्तदाब उतरतो अशी त्यांची आशा होती. गावातल्या माणसांवर झालेल्या चाचणीत तसे दिसले नाही, आणि 1983 मध्ये तसेच छापले गेले.

दुसरा आक्षेप नीतीचाच आहे, म्हणून अधिक जड. जो आला नाही त्याला न येण्याचा हक्क नाही का? धडधाकट माणसाला रजेच्या चिठ्ठीच्या निमित्ताने पकडून ‘तुला आजार आहे’ असे सांगणे, ही सेवा की घुसखोरी? हा काल्पनिक प्रश्न नाही. कॅनडातल्या पोलाद कारखान्याच्या कामगारांवर झालेला एक अभ्यास 1978 साली आला. ज्यांना नव्याने रक्तदाब असल्याचे सांगण्यात आले त्यांची कामावरची गैरहजेरी वाढली. नुसते नाव चिकटले आणि माणूस स्वतःला आजारी समजू लागला. त्याहून बोचरे उत्तर ब्रिटनच्या मोठ्या चाचणीने 1985 मध्ये दिले, जिच्यात 17,354 माणसे होती: सौम्य रक्तदाबाच्या साडेआठशे माणसांनी वर्षभर गोळ्या घेतल्या तर एक पक्षाघात टळतो. उरलेले 849 त्या वर्षापुरते फुकट गोळ्या गिळतात, काहींना त्यांचा त्रासही होतो. तेव्हा शोधून काढण्यातच पुण्य आहे असे समजणारा डॉक्टर हा फी उकळणाऱ्या डॉक्टरइतकाच धोक्याचा ठरू शकतो. आजची ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजे पाहिली की हे लक्षात येते. ट्यूडर हार्टच्या बाजूने एवढे सांगता येईल की त्यांचा भर उंच, नक्की घातक रक्तदाबावर होता, आणि पुढच्या लेखनात रुग्ण हा आरोग्याचा सहउत्पादक आहे, गिऱ्हाईक नव्हे, असे ते आग्रहाने मांडत राहिले. मुख्य मुद्दा मात्र निराळा आहे. नकार देण्याचा हक्क विचारल्याशिवाय वापरता येत नाही. ज्याला कोणी विचारलेच नाही त्याने नकार दिला असे समजणे म्हणजे आपल्या आळसाला त्याच्या स्वातंत्र्याचे नाव देणे होय. घरी जाऊन विचारा, तो नाही म्हणाला तर कपाटात तसे लिहा आणि त्याला सुखाने राहू द्या. न आलेल्याचा हिशेब ठेवणे याचा अर्थ त्याला ओढून आणणे असा होत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात बहुधा पहिला येईल. डॉक्टरने आकडे मोजायचे की माणसाकडे पाहायचे? फॅमिली डॉक्टर म्हणजे घरच्यांपैकी एक, आजोबांचा दमा आणि नातवाचा गोवर दोन्ही पाहिलेला, रात्री व्हिजिटला येणारा, पैसे नसले तर पुढच्या महिन्यात द्या म्हणणारा. त्याच्या हातात नोंदवही दिली की तो कारकून होतो. या भीतीला ब्रिटनमध्येच पुरावा मिळाला. एप्रिल 2004 पासून सरकारने तिथल्या दवाखान्यांना रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशा नोंदींवर गुण आणि गुणांवर पैसे द्यायला सुरुवात केली. ट्यूडर हार्टनी पदरमोड करून, गावाच्या विश्वासावर उभे केलेले काम असे दरपत्रकात बसले. नोंदी भरभरून झाल्या, पण रुग्ण बोलत असताना डॉक्टरचे डोळे पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे लागलेले असतात ही तक्रारही घरोघर ऐकू येऊ लागली. स्कॉटलंडने 2016 मध्ये ही योजना गुंडाळलीच. बाजाराला कडाडून विरोध करणाऱ्या माणसाची पद्धत अशी बाजारभावाने विकली जावी, हा इतिहासाचा खवचटपणा म्हणायचा. तरीही यातून मोजणे वाईट असे सिद्ध होत नाही. कोणासाठी मोजायचे, हा प्रश्न तेवढा उघडा पडतो. ग्लिनकोरुगमध्ये आकड्यांचे उत्तर गावाला द्यायचे होते. 2004 नंतर ते लेखापालाला द्यायचे होते.

आणि नुसत्या जिव्हाळ्यावर विसंबून राहिले तर काय होते, याचाही पुरावा त्याच देशात, त्याच काळात आहे. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरोल्ड शिपमन हा फॅमिली डॉक्टर होता. जुन्या वळणाचा, म्हाताऱ्यांना वेळ देणारा, बोलावण्याची वाट न पाहता घरी व्हिजिटला जाणारा. गावाचे त्याच्यावर प्रेम होते. अटक झाल्यावरही अनेक रुग्णांचा विश्वास बसेना. 31 जानेवारी 2000 रोजी त्याला 15 खुनांबद्दल शिक्षा झाली. न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने 2002 च्या पहिल्या अहवालात 215 बळी निश्चित केले; एकूण आकडा अडीचशेच्या आसपास असावा असा आयोगाचा अंतिम अंदाज. बहुतेक वृद्ध स्त्रिया, बहुतेक घरीच, अफूपासून केलेल्या डायमॉर्फिनच्या इंजेक्शनने. मृत्यूचा दाखला त्याचाच, कारण त्याच्याच शब्दांत. 1976 मध्ये पेथिडिनसाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल त्याला दंड झाला होता, तेव्हा मेडिकल कौन्सिलने ताकीद देऊन सोडले होते. जुन्या आचारसंहितेच्या चौकटीत हे एक व्यसनाचे प्रकरण होते आणि ते मिटले होते. त्याच्याविरुद्ध पहिली ठोस शंका घेतली गेली ती मार्च 1998 मध्ये, आणि ती मोजण्यातून आली: दहनाच्या कागदांवर दुसरी सही करणाऱ्या शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की त्याच्या रुग्णांचे मृत्यू फारच जास्त आहेत. पोलिसांनी वरवर चौकशी करून फाइल बंद केली, आणि सप्टेंबरमधल्या अटकेपर्यंत आणखी तिघींचा जीव गेला. पुढे सांख्यिकीतज्ज्ञांनी दाखवले की मृत्यूंच्या आकड्यांवर साधी नजर ठेवली असती तर अटकेच्या कित्येक वर्षे आधी धोक्याची खूण दिसली असती. शिपमन हा अपवाद होता, लाखांत एक, हे मान्य. त्याच्यावरून डॉक्टरांची जात ओळखू नये. पण त्याच्या प्रकरणाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली: रुग्णांचे प्रेम हा डॉक्टरच्या नीतीचा पुरावा होऊ शकत नाही. एकाच व्यवस्थेत, एकाच दशकात, एक डॉक्टर आपल्या रुग्णांच्या 500 मृत्यूंची स्वतःहून झडती घेत होता आणि दुसरा आपणच केलेल्या मृत्यूंवर स्वतः सही करत होता. दोघेही रुग्णांचे लाडके होते.

यावर एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो आपल्याकडचा आहे. ब्रिटिश डॉक्टरकडे यादी होती. पुण्याच्या पेठेतल्या किंवा परळच्या चाळीखालच्या डॉक्टरकडे कधीच नव्हती. त्याच्याकडे होता तो समोर येणारा माणूस आणि त्याची फी. ज्याला आपले गाव किती माणसांचे हेच ठाऊक नाही त्याने न आलेल्यांची जबाबदारी कशी घ्यायची? हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच मी आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना कमी नीतिमान म्हणणार नाही. त्यांना कोणी छेद दिलाच नव्हता, अंश मात्र ते प्रामाणिकपणे भरत राहिले. 1946 च्या भोर समितीने लोकसंख्या नेमून दिलेल्या आरोग्यकेंद्रांची कल्पना मांडली. प्राथमिक आरोग्य केंद्रांना गावे मिळाली, पण शहरातला खासगी डॉक्टर त्या हिशेबाच्या बाहेरच राहिला. मात्र यादी नाही म्हणून काहीच करता येत नाही, हे म्हणणे गडचिरोलीने खोटे ठरवले आहे. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांची घरोघर जाऊन तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार, आणि याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. दवाखान्यात बसून आलेल्या बायका मोजल्या असत्या तर त्या आठातल्याच दिसल्या असत्या. दहा वर्षांनी नवजात बालकांच्या घरच्या घरी होणाऱ्या सेवेचे त्यांचे निष्कर्ष आले, आणि 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवले की महाराष्ट्राच्या सरकारी नोंदींत बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी दिसतात. हे काम करणाऱ्यांना कोणी फॅमिली डॉक्टर म्हणत नाही. तरी ट्यूडर हार्टच्या कसोटीला उतरणारे काम आपल्याकडे कुठे झाले असे विचारले तर बोट दाखवायचे ते तिकडेच. रक्तदाबाच्या निम्म्या रुग्णांना आपला आजार ठाऊक नसतो, ठाऊक असलेल्यांतल्या निम्म्यांवर उपचार नसतात आणि उपचार असलेल्यांतल्या निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात नसतो, हा ट्यूडर हार्टनी प्रचारात आणलेला अर्ध्या-अर्ध्याचा नियम आपल्याकडचे एमबीबीएसचे विद्यार्थी पाठ करतात. त्यांतल्या किती जणांनी प्रॅक्टिस सुरू केल्यावर तो आपल्याच दवाखान्याला लावून पाहिला असेल?

लावून पाहायला मोठी यंत्रणा लागत नाही. शहरात आज फॅमिली डॉक्टरची आठवण हमखास होते ती घरी कोणी वारले की, कारण दाखल्याशिवाय स्मशानात पुढचे होत नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचे कारण प्रमाणित करायचे असते. घरी झालेल्या मृत्यूसाठी त्याचा फॉर्म 4 ए. बहुतेकदा त्यावर हृदयक्रिया बंद पडली एवढेच लिहून सही होते, जे प्रत्येक मेलेल्या माणसाबद्दल खरेच असते. हाच फॉर्म डॉक्टरने मनापासून भरला, त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि वर्षाअखेर ती सगळी पाने एकदा उलटली, तर ट्यूडर हार्टच्या कामाचा निम्मा भाग झाला. ब्रिटनलाही हे शहाणपण लवकर सुचले नाही: डॉक्टरच्या सहीवर दुसऱ्या कोणाची तरी नजर हवी असे शिपमन आयोगाने 2003 मध्ये सांगितले, आणि कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने पाहण्याची सक्ती इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाली ती 9 सप्टेंबर 2024 रोजी. आपल्याकडे 2020 साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले 22.5 टक्के होते. गोव्यात हे प्रमाण जवळजवळ पूर्ण आहे.